सरांची एकतीस नंबरची फाइल

विलास गुरव, राहणार लालबाग, यांनी माझं नाव घेतलं नाही, म्हणून माझी नोकरी राहिली. हे आधी लिहून टाकते. पुढे सरांबद्दल सांगायला लागले की मी वाहवत जाईन आणि विलासदादा राहून जातील. ते आमच्या चॅनेलमध्ये व्हिडिओ एडिटर होते. मी तिथे मेकअपला आहे, अजूनही. आणि सर म्हणजे आमच्याकडे राजकारणावर बोलायला येणारे विश्लेषक. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. तसं कुणी सांगितलेलं नाही, पण लिहवत नाही.

मी सिरोंच्याची. महाराष्ट्राच्या नकाशात उजवीकडे अगदी खाली बघितलं तर सापडतं. नदी ओलांडली की तेलंगण. आठवीत शाळा सुटली, मग काही वर्षं मिरच्या तोडल्या, मग चुलतबहिणीच्या मागे मुंबईला आले, परळच्या एका पार्लरमध्ये हात बसवला आणि तिथून या चॅनेलच्या मेकअप रूममध्ये. इथे सगळे मला 'ए सिरोंचा' म्हणतात. चिडवायला नाही. पहिल्या दिवशी नाव विचारायचं राहून गेलं, ते राहिलंच. सर मला 'बाई' म्हणायचे.

सर पहिल्यांदा माझ्या खुर्चीत बसले तो माझा चौथा दिवस होता, आणि शेवटचाच ठरणार होता. एका मंत्र्यांना मी दोन शेड गडद फाउंडेशन लावून सेटवर पाठवलं होतं. पार्लरच्या पिवळ्या बल्बखाली शिकलेला हात, स्टुडिओच्या लाइटमध्ये काय होतं ते मला कुठे ठाऊक? भिंतीवरच्या टीव्हीत मंत्री वीटभट्टीवरून उठून आल्यासारखे दिसत होते. डेस्कच्या मॅडम दारात उभ्या राहून ओरडत होत्या, "हिला आणलं कोणी? दहावी तरी झालीय का हिची?" पुसून पुन्हा लावायला वेळ नव्हता. मी ब्रश धूत उभी राहिले, धुतलेलाच ब्रश पुन्हा पुन्हा.

सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, त्यांना लावला तोच रंग मला लावायला सांगा."

"सर, प्लीज. चेष्टेची वेळ नाही."

"चेष्टा नाही. ते आणि मी शेजारी बसणार. ते एकटे भाजलेले दिसले तर लोक त्यांना हसतील. दोघं भाजलेले दिसलो तर लाइटला नावं ठेवतील."

तसंच झालं. लाइटवाल्या पोराला बोलणी बसली, त्याची मी नंतर माफी मागितली. मी राहिले.

सर मॉरिशसचे. म्हणजे त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडचे, बोटीनं उसाच्या मळ्यात कामाला गेले ते तिकडचेच झाले. सर शिकायला म्हणून मुंबईला आले आणि परत गेलेच नाहीत. दादरला एका क्लासमध्ये फ्रेंच शिकवायचे, वर्तमानपत्रांना पत्रं पाठवायचे. मग चॅनेलं निघाली आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की हा माणूस कुठल्या पक्षाचा नाही, जातीचा पत्ता लागत नाही आणि बोलावलं की वेळेवर येतो. तेव्हापासून ते पडद्यावर. खोताच्या वाडीत एका आंटीकडे वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. खोलीत टीव्ही नव्हता. त्यांनी स्वतःला टीव्हीवर कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

चर्चेत सगळे एकमेकांवर भुंकत असताना सर हातावर हात ठेवून बसायचे. अँकरनं विचारलं, "सर, सरकार टिकेल?" की कॅमेऱ्याकडे बघून म्हणायचे, "मला माहीत नाही." एवढंच. मॅडम कंट्रोल रूममध्ये कपाळाला हात लावायच्या. पण लोकांना ते आवडायचं. भाजीवाले, बसचे कंडक्टर त्यांना वाटेत थांबवून विचारायचे, "सर, माहीत नाही ना?" आणि खूश होऊन हसायचे.

त्यांच्या पिशवीत एक काचेची बाटली असायची, त्यात मॉरिशसच्या पद्धतीचं मिरच्यांचं लोणचं. आम्ही मागवलेल्या वड्याबरोबर ते खायचे आणि मला म्हणायचे, "बाई, तुमच्या मिरचीपुढे हे लहान मूल आहे." सिरोंच्याची मिरची कशी असते हे विचारणारा मुंबईत भेटलेला तो एकच माणूस.

एका सवयीची मात्र मला भीती वाटायची. खुर्चीत बसण्याआधी ते आरशासमोर उभे राहायचे आणि आरशातल्या स्वतःला विचारायचे, "आले का?" मग थांबायचे. कधी दोन सेकंद, कधी बराच वेळ. समाधान झाल्यासारखं दिसलं की बसायचे. एकदा मी धीर करून म्हटलं, "सर, कोण यायचंय?" तर म्हणाले, "मो पा कोने." त्यांच्या तिकडच्या बोलीत त्याचा अर्थ 'मला ठाऊक नाही', हे मला नंतर कळलं.

त्यांची मराठी दोन तऱ्हेची होती. पडद्यावर पुस्तकी, एकेक शब्द धुऊन ठेवल्यासारखी. पण मधल्या सुट्टीत, माइक चालू आहे हे विसरून, ते पणजीकडून ऐकलेलं बोलून जायचे. विलासदादा एकदा हेडफोन गळ्यात तसाच लटकवून धावत मेकअप रूममध्ये आले.

"गो बाय, सर आता काय बोलले ठाऊक आहे? 'वायच सरकून बस, पोरा, तुझी सावली पडता.' माझी आजी असाच बोलायची. हाच सूर. ती जाऊन वीस वर्षं झाली!"

"कोणाला म्हणाले?"

"तोच तर प्रश्न आहे. सेटवर कोणीच नव्हता."

विलासदादांचे वडील गिरणीत होते. आमचं चॅनेल एका जुन्या गिरणीच्या आवारातच आहे. 'बाबा ह्याच शेडमध्ये घाम गाळायचे,' असं ते गमतीनं सांगायचे. त्या दिवसानंतर सांगेनासे झाले.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, बाहेरच्यांना ती ठाऊक नसते. मोठा माणूस गेला की तासाभरात पडद्यावर त्याच्यावरचं पूर्ण भाषण लागतं, ते त्या तासात बनलेलं नसतं. माणूस चालताबोलता असतानाच त्याची श्रद्धांजली रेकॉर्ड करून ठेवतात. आमच्याकडे ते काम सरांचं. त्यांच्याइतकं नेमकं कुणी बोलत नसे.

पण सरांच्या अटी होत्या. त्या दिवशी चेहऱ्यावर पावडर नको, मी फक्त ओल्या टिश्यूनं पुसायचं. ज्याच्यावर बोलायचं त्याला सकाळी स्वतः फोन करून आवाज ऐकायचा, काहीतरी कारण काढून. आणि नाव घ्यायचं नाही. "जिवंत माणसाचं नाव अशा वाक्यात घालू नये," म्हणायचे. म्हणून त्या रेकॉर्डिंगला नावाऐवजी नंबर असायचा. मी कोऱ्या कागदावर नंबर लिहून कॅमेऱ्यासमोर धरायची, मग बाजूला व्हायची. नंबर कोणाचा, ते विलासदादा आपल्या वहीत लिहायचे. फोटो आणि नाव वेळ येईल तेव्हा एडिटिंगमध्ये लागायचं.

एकदा हॉस्पिटलमध्ये असलेल्या एका म्हाताऱ्या पुढाऱ्यावर ते बोलत होते. वाक्याच्या मध्येच थांबले. "आता नको. ते ऐकतायत." मॅडम इअरपीसमधून विचारतायत काय झालं, सर हात वर करून गप्प. आम्ही सगळे तसेच उभे. काही मिनिटांनी त्यांनी हात खाली घेतला, "हं, आता," म्हणाले आणि राहिलेलं वाक्य पुरं केलं. सेटवरून उतरेपर्यंत डेस्कवर बातमी आली होती. वेळ जुळवून पाहिली, तर सरांनी हात खाली घेतला तीच निघाली.

त्यानंतर पुढाऱ्यांमध्ये याची कुजबुज सुरू झाली. एक आमदार माझ्या खुर्चीत बसून सहज विचारल्यासारखं विचारायचे, "ए सिरोंचा, माझं करून ठेवलंय का गं तुमच्या सरांनी?" आणि वर मोठ्यानं हसायचे. गळ्याची शीर मात्र माझ्या बोटांखाली उडत असायची.

सरांना एकाच गोष्टीचा त्रास व्हायचा. त्यांची ओळख करून देताना अँकर म्हणायचा, "मूळचे मॉरिशसचे असलेले राजकीय विश्लेषक." प्रत्येक वेळी. पडद्यावर नावाखालच्या पट्टीतही तेच. माझ्याहून जास्त वर्षं ते मुंबईत होते. एका चर्चेत एक प्रवक्ता त्यांच्यावर खेकसला, "तुम्ही आधी ठरवा तुम्ही कुठले, मग आम्हाला शिकवा." सर म्हणाले, "तिथे आम्हाला बोंबाय म्हणतात, कारण आमची बोट मुंबईहून सुटली. इथे मॉरिशस म्हणतात. मी ठरवून काय उपयोग?" सगळे हसले. मेकअप काढताना त्यांचा जबडा इतका आवळलेला होता की मला टिश्यू फिरवता येईना.

एके दुपारी तीसपर्यंतची रेकॉर्डिंगं झाली आणि सर म्हणाले, "अजून एक." यादीत अजून कुणी नव्हतं. मॅडम जेवायला गेल्या होत्या. मी कागदावर एकतीस लिहिलं, धरलं, बाजूला झाले. काचेपलीकडून विलासदादांनी विचारलं, "सर, पुढे नाव कोणाचं लिहू?"

"मोकळं ठेवा."

मग ते बोलले. "हे गृहस्थ मोठ्यानं कधी बोलले नाहीत. उत्तर नसेल तेव्हा माहीत नाही म्हणाले. ज्या घरात राहिले ते त्यांचं नव्हतं, पण त्याचा जिना ते झाडायचे. त्यांना समुद्राची भीती वाटायची. समुद्र दहा मिनिटांवर असून ते कधी तिकडे फिरकले नाहीत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं." असं बरंच. मला तिसऱ्या वाक्यालाच कळलं होतं. शेवटी सर गप्प झाले. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी मान उजवीकडे वळवली, जिथे कुणीच नव्हतं, आणि कुणीतरी विचारावं आणि आपण उत्तर द्यावं तसं बोलू लागले.

"हो." थांबले. "नाही, तिथला नाही." पुन्हा थांबले, या वेळी जास्त. "इथलाच."

खाली उतरल्यावर मला म्हणाले, "बाई, मी गेल्यावर हे लोक 'मूळचे' म्हणून सुरुवात करतील. म्हणून माझं मीच करून ठेवलं. तुम्हाला कळलंय. दुसऱ्या कुणाला आत्ता सांगू नका." मी मान हलवली. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? इतक्या मोठ्या इमारतीत ते मलाच सांगितलं होतं.

पुढे दोनेक महिन्यांनी एक बडे पुढारी प्रवासात अचानक गेले. धडधाकट माणूस, त्यांची श्रद्धांजली कुणी करून ठेवलेली नव्हती. सर बसमध्ये, फोन लागेना. विलासदादा सुट्टीवर. मॅडमनी वही उघडली. एकतीसपुढे नाव नव्हतं. "सरांनी केलेलंच आहे, नाव घेतलेलं नाही. लावून टाका," म्हणाल्या. शेवटचा तुकडा कुणालाच कळेना म्हणून कापला. पुढाऱ्यांचा फोटो चढवला.

मी मेकअप रूममध्ये मान वर करून बघत होते. सर बोलतायत, आणि खाली दुसऱ्याचं नाव. सगळ्या इमारतीत ते काय आहे हे मला एकटीलाच ठाऊक होतं. मी जिना चढून डेस्कपर्यंत गेले. मॅडम फोनवर होत्या. त्यांनी भुवई उडवली, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही, मॅडम." आणि खाली आले.

दुसऱ्या दिवशी सर खुर्चीत बसले असताना त्यांचा फोन वाजला. जुना फोन, समोरचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू यायचा. त्या पुढाऱ्यांचा मुलगा होता, रडत होता. "सर, बाबांना समुद्राची भीती होती हे आम्हा घरच्यांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्हाला कधी बोलले?"

सरांनी आरशात माझ्याकडे पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाले, "त्यांनाही होती?"

फोन ठेवल्यावर मी रडायला लागले. "सर, मी सांगायला गेले होते. माझ्याच्यानं बोलवलं नाही."

"असू दे. ती श्रद्धांजली आता त्यांची झाली. लेकानं रडून घेतली, परत कशी मागणार?" मग हळूच म्हणाले, "शेवटचा तुकडा मात्र माझा होता."

"पुन्हा करा ना, सर."

"एका माणसाचं दोनदा करत नाहीत, बाई."

त्या दिवसापासून त्यांच्या चेहऱ्यावर पावडर बसेना. मी कंपन्या बदलून पाहिल्या. ओल्या दगडावर पीठ भुरभुरावं तशी ती सरकून कॉलरवर पडायची. विलासदादा म्हणाले, कॅमेऱ्यात चेहऱ्याभोवती आपोआप चौकोन येतो ना, तो सरांवर टिकत नाही, घसरून उजवीकडे जातो. रिकाम्या जागेवर जाऊन थांबतो. त्यांनी ते दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा मी बघायला गेले नाही. आणि सर आरशासमोर उभे राहायचे, पण 'आले का' विचारायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

थोड्याच दिवसांत एका सकाळी आंटीचा फोन आला. सर झोपेतच गेले होते.

दुपारच्या बातम्यांआधी मी अँकरला पावडर लावत होते. त्याच्या हातात कागद होता, तो ओठांतल्या ओठांत वाचत होता, "मूळचे मॉरिशसचे असलेले..." माझा हात थांबला. "काय झालं, सिरोंचा?" तो म्हणाला. मी म्हटलं, "ब्रश बदलते," आणि सरळ एडिटिंगच्या खोलीत गेले.

विलासदादा सरांचे जुने तुकडे काढत बसले होते. मी सगळं सांगितलं. एकतीस नंबर कोणाचा, सर काय म्हणाले होते, मी तेव्हा कशी बोलले नाही. त्यांनी वही पुढ्यात ओढली. एकतीसपुढे आता लाल शाईत पुढाऱ्यांचं नाव होतं.

"बाय माझ्या, ही फाइल मी सरांसाठी लावली तर त्या साहेबांची माणसं मला जिता ठेवतील?"

"दादा, मी फक्त सांगायला आले. या वेळी सांगायचंच होतं."

त्यांनी न कापलेली फाइल काढली आणि शेवटच्या तुकड्यावर आणली. 'हो', मग मोकळी जागा. तिथे त्यांनी पुन्हा मागे नेलं, पुन्हा ऐकलं आणि हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. सरांच्या शर्टाला एकच माइक लावला होता, दुसरा नव्हता, मी स्वतः तिथे उभी होते. तरी त्या मोकळ्या जागांत काहीतरी होतं. शब्द नव्हते. प्रश्न विचारण्याआधी माणूस श्वास घेतो, तेवढंच. प्रत्येक उत्तराआधी एकदा, तीन वेळा.

विलासदादांनी हात जोडले, पडद्याला की कुणाला ते माहीत नाही. मग म्हणाले, "जा, अँकरला पावडर लाव."

बातम्या सुरू झाल्या आणि अँकरनं तोंड उघडायच्या आत सर पडद्यावर आले. पट्टी नाही, फोटो नाही, कुणी ओळख करून दिली नाही. पावडर न लावलेला चेहरा. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न कापता. "इथलाच," म्हणून ते थांबले आणि पडदा काळा झाला. मेकअप रूममध्ये मी एकटी होते. मागच्या आरशात टीव्ही दिसत होता. आरशात तो काळा व्हायला थोडा उशीर लागला असं मला वाटलं. मी मागे वळून बघितलं नाही.

संध्याकाळपर्यंत पुढाऱ्यांच्या पक्षाची माणसं खाली गेटवर जमली. आमच्या साहेबांची श्रद्धांजली परक्या माणसाला लावली, म्हणत होते. मॅडमनी आम्हा सगळ्यांना एका खोलीत उभं केलं. "विलास, ही फाइल लावायला तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाय. मीच लावली."

"का?"

"मला ती सरांची वाटली."

"वाटली? वहीत स्पष्ट नाव आहे. कोणीतरी सांगितल्याशिवाय तू हे करणार नाहीस. ते रेकॉर्डिंग झालं तेव्हा तिथे अजून कोण होतं?"

मी दोन पावलांवर होते. विलासदादांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी तोंड उघडलं होतं की नाही, हे मी आजही स्वतःला विचारते. त्यांनी मला बोलू दिलं नाही असं म्हणणं सोपं आहे. खरं हे, की मला घर दिसलं, आई दिसली, परतीची ती लांबलचक वाट दिसली आणि मी उभी राहिले.

नंतर जिन्यात ते सामानाची पिशवी घेऊन उतरत होते. मी म्हटलं, "दादा, मी जाऊन सांगते." तर म्हणाले, "गप ऱ्हव गो. दोघांनी घराक बसान काय करूचा?" आणि हसले. आता ते लालबागला घरीच लोकांच्या लग्नाच्या व्हिडिओचं काम करतात. भेटले की सरांची आठवण काढतात, त्या दिवसाची काढत नाहीत.

विलासदादा, हे मी लिहितेय, पण चॅनेलचं नाव घातलेलं नाही आणि माझंही नाही. म्हणजे अजून भितेच. धाकट्या भावाचं शिक्षण पुरं व्हायचंय, तो पायावर उभा राहिला की माझ्यामागे उपाशी राहणारं कुणी उरणार नाही. त्या दिवशी मी त्याच खोलीत जाईन. मॅडम असोत नाहीतर त्यांच्या जागी दुसरं कुणी असो. मी माझं पूर्ण नाव सांगेन, गावाचं नाही, माझं, आणि सांगेन की तो नंबर कोणाचा ते मी सांगितलं होतं, विलास गुरवांनी बरोबरच फाइल लावली होती. तोवर मला सांभाळून घ्या.